उलटी वाहणारी तापी: सुरतच्या भरतीचा इतिहास

तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, पण तिचे पाणी तिथे नेहमी समुद्राकडेच जाते असे नाही. मुलताईहून निघालेली ही नदी खानदेश ओलांडून सुमारे ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे येते आणि शेवटच्या टप्प्यात दिवसातून दोनदा उलटी फिरते. समुद्राचे पाणी पात्रात शिरते, चढत जाते, थबकते आणि मागे हटते. चलथाण हे गाव या टप्प्याच्या दक्षिणेला, सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यात, उधना-जळगाव रेल्वेमार्गावर आहे. उत्तरेला तापी आणि दक्षिणेला मिंढोळा, अशा दोन नद्यांमधल्या सखल प्रदेशात ते वसले आहे आणि दोन्ही नद्यांची मुखे भरतीच्या कह्यात आहेत. याच रेल्वेमार्गाने खानदेशातून सुरत, उधना, लिंबायत, पांडेसरा या पट्ट्यात आलेल्या मराठी कुटुंबांना आपली ओळखीची तापी इथे अनोळखी रूपात भेटते.

पाण्याच्या या येण्याजाण्याला भौतिकशास्त्र दोलन म्हणते. कोणत्याही दोलनाबद्दल तीन गोष्टी विचारायच्या असतात. एक फेरी पुरी व्हायला किती वेळ लागतो, म्हणजे आवर्तकाल. मधल्या पातळीपासून ते किती दूर जाते, म्हणजे आयाम. आणि या क्षणी ते फेरीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, म्हणजे प्रावस्था. सुरतेच्या भरतीचा आवर्तकाल सुमारे १२ तास २५ मिनिटांचा आहे. तो सगळ्या पश्चिम किनाऱ्याला सारखाच. आयाम मात्र ठिकाणागणिक बदलतो आणि प्रावस्था बंदराबंदरात वेगळी असते. खंभातच्या आखातातील बंदरांची भरभराट आणि त्यांची अडचण, दोन्ही या मागच्या दोन राशींत दडलेली होती.

हे समीकरणांच्या फार आधीपासून लोकांना माहीत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक मार्गदर्शिकेत बॅरिगाझा, म्हणजे भरूच, या बंदराचे वर्णन आहे. ते वाचताना व्यापारापेक्षा पाण्याचीच धास्ती जास्त जाणवते. नर्मदेच्या मुखात परक्या तांडेलाने एकट्याने शिरू नये, राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी पुढे येऊन जहाजे ओढून नेतात, ती भरतीबरोबर हलवतात आणि ओहोटीला ठरावीक खोल जागी नांगरतात, असे तिथे सांगितले आहे. भरती अचानक येते, दुरून फौज येत असल्यासारखा आवाज होतो आणि उथळावर अडकलेले गलबत आडवे होते, हेही त्यात आहे. आजच्या भाषेत हे भरती-भिंतीचे वर्णन ठरते. तिचे कारण पुढे येईल.

विष्णुपुराणातील भूगोलाच्या भागात समुद्राच्या चढउताराचे माप ५१० अंगुळे दिले आहे आणि तापलेल्या भांड्यातील पाणी फुगावे तसे समुद्राचे पाणी चंद्राच्या वाढीबरोबर फुगते, अशी उपमा आहे. अंगुळ पाऊण इंचाचे धरले तर ५१० अंगुळे म्हणजे जवळजवळ ३२ फूट. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर एवढा चढउतार खंभातच्या आखाताच्या आतल्या भागातच दिसतो. यावरून पुराणकाराने आखात पाहिले होते असे म्हणणे धाडसाचे होईल, पण आकडा हवेतला वाटत नाही एवढे खरे.

कोकणातील कोळी आणि खारवी तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा ठोकताळा दोन गोष्टींवर उभा आहे. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईच्या आसपास भरती बाराच्या सुमारास येते, ही त्या किनाऱ्याची प्रावस्था. आणि चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही तेवढीच मागे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे, त्यामुळे पंधरवड्याच्या शेवटी हिशेब तासभर चुकतो आणि नव्या पक्षाबरोबर पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. होडी लोटायला तेवढी अचूकता पुरे. पण हाच पाढा सुरतेला नेला तर उपयोगी पडत नाही, कारण भरतीची लाट मुंबईहून आखातात चढत जायला काही तास घेते. प्रत्येक बंदराला स्वतःचा पाढा लागतो आणि जुन्या काळी तो पाढा ज्याच्या तोंडी असे, त्याच्या हाती बंदराची किल्ली असे.

सुरतेचा पाढा तर दुहेरी होता. मोठी जहाजे तापीत शिरू शकत नसत, कारण मुखाशी वाळूचा बांध होता. विल्यम हॉकिन्सचे ‘हेक्टर’ हे जहाज १६०८ साली या बांधाबाहेरच थांबले. जहाजांनी नांगर टाकायचा तो मुखाच्या उत्तरेला सुवाली येथे, किनारा आणि लांबट वाळूच्या पट्टीमधल्या खोल पाण्यात. ओहोटीला पट्टी उघडी पडे आणि समुद्राच्या लाटा अडवी. भरतीला ती पाण्याखाली जाई. माल तिथून लहान होड्यांत भरून भरतीबरोबर नदीतून वर सुरतेच्या धक्क्यापर्यंत नेत आणि ओहोटीबरोबर परत आणत. वल्ह्यांचे निम्मे काम चंद्र करी. १६१२ मध्ये थॉमस बेस्टच्या इंग्रज जहाजांनी याच पाण्यात पोर्तुगीज गलबतांशी झुंज घेतली, तेव्हा खोल बुडाची पोर्तुगीज जहाजे वाळूत रुतली. इंग्रजांच्या विजयाचे श्रेय तोफांना दिले जाते. त्यातला थोडा वाटा ओहोटीलाही द्यायला हवा. तीन वर्षांनी थॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील जहांगीराच्या दरबाराकडे निघाला तो सुवालीलाच उतरून.

मराठी वाचकाला सुरत आठवते ती १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांमुळे. त्या जमिनीवरून झाल्या. समुद्रावरून सुरत गाठायची तर दोन अडथळे पार करावे लागत, बांध आणि वेळापत्रक, आणि दोन्ही भरतीच्या हातात. गाळाने तापीचे मुख पुढे आणखी उथळ होत गेले. ईस्ट इंडिया कंपनीने १६८७ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरचे मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला हलवले. त्यामागे राजकारण होते, पण मुंबईचे बंदर खोल होते आणि कोणत्याही भरतीला जहाज आत येऊ शके, हेही होते.

त्याच १६८७ साली लंडनमध्ये न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ छापून झाला. त्यात भरतीचे पहिले समाधानकारक कारण आहे. चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूला जास्त आणि दूरच्या बाजूला कमी जोराने ओढतो. या फरकामुळे पाणी दोन्ही बाजूंना फुगते आणि पृथ्वी त्या दोन फुगवट्यांखालून फिरते, म्हणून दिवसाला दोन भरत्या. सूर्यही हेच करतो, पण त्याचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून कमी. हिशेब मांडला तर उघड्या महासागरात चंद्रामुळे होणारा चढउतार अर्ध्या मीटरच्या आसपास येतो. आणि इथेच खंभात न्यूटनला अडवते. गोव्याला चढउतार दोनेक मीटरांचा असतो, मुंबईला उधाणात पाच मीटरांपर्यंत जातो, आणि आखाताच्या आत भावनगरला दहा मीटर ओलांडतो. चंद्र तर तिन्ही ठिकाणी तोच.

उत्तर लाप्लासने अठराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात दाखवलेल्या वाटेने मिळते. भरती म्हणजे नुसता फुगवटा नव्हे, ती चालणारी लाट आहे आणि लाटेला वेग असतो. पाण्याच्या खोलीच्या मानाने फार लांब असलेल्या लाटेचा वेग फक्त खोलीवर ठरतो: गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. खंभातच्या आखाताची सरासरी खोली ढोबळपणे २० मीटर धरली तर वेग सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर. १२ तास २५ मिनिटांत अशी लाट सुमारे ६२५ किलोमीटर जाते. ही तिची तरंगलांबी, आणि तिचा चौथा हिस्सा १५६ किलोमीटर.

चौथ्या हिश्श्याला महत्त्व का, तर एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला उघड्या अशा कोणत्याही पोकळीचे मूळ दोलन तेवढ्याच लांबीत बसते. आत गेलेली लाट बंद टोकावर आपटून परतते आणि येणाऱ्या लाटेत मिसळते. लांबी चौथ्या हिश्श्याएवढी असेल तर उघड्या तोंडाशी पातळी फारशी हलत नाही आणि बंद टोकाशी ती सगळ्यांत जास्त हलते. पहिल्या जागेला निस्पंद आणि दुसरीला प्रस्पंद म्हणतात. एका टोकाला बंद असलेल्या हवेच्या नळीला हेच शास्त्र लागू पडते. खंभातचे आखात उत्तर-दक्षिण सव्वाशे ते दीडशे किलोमीटर लांब आहे. म्हणजे त्याचे स्वतःचे दोलन चंद्राच्या ठेक्याच्या जवळ येते आणि प्रत्येक भरती आधीच्या भरतीच्या गतीत भर घालते. झोक्याला त्याच्याच लयीत हलका धक्का देत राहिले की तो उंच जातो, तसा हा प्रकार, अनुनाद.

आखाताबाहेरही हेच घडते. मुंबई आणि गुजरातसमोर खंडाचा बुडालेला उथळ पट्टा, म्हणजे भूखंडमंच, तीनशे किलोमीटरांपर्यंत रुंद आहे. भारताच्या किनाऱ्यावर एवढी रुंदी दुसरीकडे नाही. ७५ मीटर खोली धरून तीच आकडेमोड केली तर तरंगलांबीचा चौथा हिस्सा तीनशे किलोमीटरांच्या आसपास निघतो. म्हणजे खोल समुद्रातली अर्ध्या मीटरची लाट आखाताच्या दारापर्यंत येईतो एकदा मोठी झालेली असते आणि आत शिरल्यावर दुसऱ्यांदा मोठी होते. हे हिशेब ढोबळ आहेत. खरा तळ कुठे १० मीटरांवर, कुठे ४० मीटरांवर, आणि घर्षण बरीच ऊर्जा खाते. तरी आकड्यांची जात बरोबर येते. त्यात आखात नरसाळ्यासारखे उत्तरेला निमुळते होत जाते, तेव्हा तीच ऊर्जा कमी रुंदीत कोंबली जाते आणि उंची आणखी वाढते. सुरतेचे मुख या प्रवासाच्या मध्यावर आहे, म्हणून तिथली भरती मुंबईपेक्षा मोठी आणि भावनगरपेक्षा लहान.

पेरिप्लसमधल्या गर्जनेचे कारणही याच वर्गमुळात आहे. नदीचे मुख अगदी उथळ असले की लाटेच्या माथ्याखाली खोली जास्त आणि पायथ्याखाली कमी पडते. पायथ्याशी चार मीटर पाणी असेल तर वेग सेकंदाला सव्वासहा मीटर. माथ्याशी नऊ मीटर असेल तर साडेनऊच्या आसपास. मागचा माथा पुढच्या पायथ्याला गाठतो, लाटेचा पुढचा उतार उभा होत जातो आणि शेवटी पाण्याची फेसाळ पायरी नदीत वर धावते. म्हणूनच अशा मुखांत पाणी चढायला कमी वेळ लागतो आणि उतरायला जास्त.

उधाणाची मोठी आणि भांगाची लहान भरती हा या कथेचा दुसरा धागा. सूर्याच्या भरतीचा आवर्तकाल बरोबर १२ तासांचा, चंद्राच्या भरतीचा १२ तास २५ मिनिटांचा. थोड्याशा फरकाची दोन दोलने एकत्र आली की ती कधी जुळतात, कधी एकमेकांना मारतात. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असतील तर आवाज हेलकावे घेतो, तेच विस्पंद. चंद्र-सूर्याचे विस्पंद १४.८ दिवसांनी येतात. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण असते आणि अष्टमीनंतर भांग. ही एक-दोन दिवसांची दिरंगाई घर्षणाची आणि अनुनादाची खूण आहे. दोलन करणाऱ्या पाण्याला नव्या धक्क्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो.

एकोणिसाव्या शतकात विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी हा विचार शेवटपर्यंत नेला. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, ती विषुववृत्ताला कललेली आहे, सूर्याचे अंतर बदलते. या प्रत्येक गोष्टीसाठी एक साधे दोलन धरायचे, प्रत्येकाचा आवर्तकाल खगोलशास्त्रातून घ्यायचा, आणि आयाम व प्रावस्था मात्र त्या बंदरातल्या नोंदींतून काढायच्या. कोळ्याच्या तिथीच्या पाढ्यात एक दोलन होते. थॉमसनच्या पद्धतीत वीस-पंचवीस. तत्त्व वेगळे नाही.

या पद्धतीची मोठी कसोटी हिंदुस्थानात झाली, आणि तीही गुजरातच्या किनाऱ्यापासून. सर्वेक्षण खात्याला कच्छच्या रणाजवळची जमीन वर येते आहे की खाली जाते आहे हे ठरवायचे होते. त्यासाठी समुद्राची सरासरी पातळी अचूक हवी होती. कॅप्टन ए. डब्ल्यू. बेयर्ड यांनी १८७० च्या दशकाच्या मध्यात कच्छच्या आखातात ओखा, नविनार आणि हंसथल येथे स्वयंलेखी भरतीमापक बसवले. विहिरीसारख्या नळकांड्यात तरंगता गोळा, त्याला तार, तारेला पेन्सिल, आणि घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या दंडगोलावर कागद. चिखल, वादळ आणि खारे पाणी यांनी नळकांडी सतत तुंबत. कागदावर मात्र अखंड वळणदार रेघ उमटत राहिली आणि तिच्यातून दोलने वेगळी काढता आली. १८७७ नंतर ही नोंदणी एडनपासून ब्रह्मदेशापर्यंत पसरली. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून मापक चालू झाला.

नोंदी इथल्या, पण भाकिते लंडनमध्ये होत. थॉमसनच्या कल्पनेवरून एडवर्ड रॉबर्ट्स यांनी आखलेले आणि १८७९ मध्ये खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी तयार झालेले यंत्र तिथे होते. प्रत्येक दोलनासाठी एक चाक, त्याला जोडलेली कप्पी वरखाली होणारी, आणि सगळ्या कप्प्यांवरून गेलेली एकच तार. चाके फिरवली की तार सगळ्या दोलनांची बेरीज करी आणि तिच्या टोकाचे पेन वर्षभराच्या भरतीची रेघ काढी. पुढे हिंदुस्थानी बंदरांची छापील कोष्टके निघू लागली आणि वाटाड्याच्या तोंडी असलेला पाढा पुस्तकात आला. आज ही कोष्टके सर्वेक्षण खाते देहरादूनहून काढते.

त्या वळणदार रेघेचा दुसरा उपयोग समुद्रापासून दूर झाला. दोलनाचे चढ आणि उतार दीर्घकाळ मोजून सरासरी घेतली की ते नाहीसे होतात आणि मागे उरते ती मधली पातळी. कराची, मुंबई, कारवार, मद्रास अशा नऊ भरतीस्थानकांच्या सरासरीवरून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशभराच्या उंचीमोजणीचे मूळ ठरवले गेले. रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या पाट्यांवर लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची तिथूनच येते. सुरतेहून जळगावकडे निघालेली गाडी उधना, चलथाण, बारडोली करत चढत जाते, तो चढ मोजायचा आरंभ अशा मापकांच्या कागदावर आहे.

मापकांनी न मागितलेलीही माहिती दिली. ३१ डिसेंबर १८८१ रोजी निकोबारजवळ भूकंप झाला आणि बंगालच्या उपसागराभोवतीच्या मापकांच्या रेघेवर बारीक दातेरी लाटा उमटल्या. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआचा स्फोट झाला, तेव्हाही तसेच झाले. बेयर्डनी त्यावर सविस्तर अहवाल लिहिला. चार हजार मीटर खोल पाण्यात तोच वर्गमुळाचा नियम सेकंदाला जवळजवळ दोनशे मीटर वेग देतो, तेव्हा लाट पोचायला लागलेल्या वेळेवरून समुद्राची सरासरी खोली काढता येई. एका बंदराच्या सोयीसाठी बसवलेला कागद त्सुनामीचा साक्षीदार ठरला, ही त्या खात्याची अनपेक्षित कमाई.

तापीतली भरती विसाव्या शतकाच्या अखेरीस माणसाने अडवली. सुरतेच्या सिंगणपोरजवळ १९९५ मध्ये बंधारा बांधला गेला. खारे पाणी त्याच्या वर जाऊ नये आणि शहराला गोडे पाणी मिळावे, हा हेतू. बंधाऱ्याखाली नदी आजही दिवसातून दोनदा फिरते. वरून पूर आणि खालून उधाण एकाच वेळी आले तर काय होते, ते ऑगस्ट २००६ मध्ये दिसले. उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि ९ ऑगस्टला पौर्णिमा होती. उधाणाच्या भरतीत मुखाशी पाण्याची पातळी वर असते, नदीचा उतार कमी होतो आणि पुराला वाट मिळत नाही. सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला.

आखाताच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, भावनगर जिल्ह्यातील अलंग येथे, याच उधाणावर एक आख्खा धंदा चालतो. १९८३ पासून तिथे मोडीत निघालेली जहाजे फोडतात. उधाणाच्या भरतीला जहाज स्वतःच्या इंजिनावर जोरात किनाऱ्याकडे हाकतात आणि सपाट चिखलात रुतवतात. पाणी मागे गेले की ते शेकडो मीटर आत कोरड्यावर उभे राहते आणि गोदीची गरज पडत नाही. मुहूर्त कोष्टक पाहून ठरतो आणि चुकला तर पंधरवडा थांबावे लागते. भरतीपासून वीज काढण्याचा विचारही जुना आहे. भारताच्या भरती-ऊर्जेच्या सरकारी अंदाजात खंभातच्या आखाताचा वाटा सुमारे सात हजार मेगावॉट धरतात, म्हणजे कच्छच्या आखाताच्या कित्येक पट. आखातावर बांध घालण्याच्या योजनेत मोठी अडचण पुन्हा अनुनादाची आहे. बांध घातला की आखाताची लांबी बदलते, लांबी बदलली की त्याचे स्वतःचे दोलन बदलते, आणि ज्या चढउतारासाठी बांध घालायचा तोच चढउतार बांधानंतर किती राहील, हे आधी मोजून पाहावे लागते.